चुन्यातली नीळ

मंगळवारी ह्यांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. बुधवारी हे शाळेत गेले. दुपारी परत आले, चपला काढल्या, पाणी प्यायले आणि म्हणाले, “शाळेचा रंग चुकलाय.”

मी ताट वाढत होते. यंदा रंगाऱ्यानं काही घोळ घातला असेल असं मला वाटलं.

“कुणी चुकवला?”

“मी,” हे म्हणाले.

हे म्हणजे माझे यजमान. आमच्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मी त्याच शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली, पुस्तकांच्या कार्डांवर जन्मभर माणसांची नावं लिहिली, पण हे एक नाव कधी तोंडातून निघालं नाही. आता ते नाहीत, तरी लिहितानाही निघत नाही.

आमची शाळा पोलीस ॲक्शननंतर निघाली. निजामाचा अंमल असताना सगळा कारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत होतं. तो अंमल गेल्यावर औरंगाबादेतल्या काही वकिलांनी आणि मास्तरांनी मिळून, औरंगपुऱ्याच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांत ही मराठी शाळा काढली. ज्याची देणगी त्याच्या आवडीचा रंग, अशा पद्धतीनं एकेक खोली उभी राहत गेली. एक वर्ग पिवळा, दुसरा हिरवट, मुलींच्या वर्गाला गुलाबी. शाळेच्या चिन्हातली समई एका पाटीवर दोन वातींची, तर दुसरीवर पाच वातींची. हे चित्रकलेचे शिक्षक म्हणून लागले तेव्हा पहिलेच हेडमास्तर अजून खुर्चीत होते. ते पहिल्या दिवशी ह्यांना म्हणाले, “चित्रं मुलं काढतील, मास्तर. तुम्ही आधी ही शाळा एक शाळा दिसेल असं करा.”

आणि मग म्हणाले, “रंग मात्र जपून निवडा. ह्या गावात प्रत्येक रंग आधीच कुणीतरी घेऊन ठेवलाय.”

ते खरं होतं. हिरवा चालला नसता, भगवा चालला नसता. निळा म्हटलं तर तोही एका वस्तीच्या झेंड्यावर होता. आमचं लग्न होऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. हे रोज संध्याकाळी फिरायला जायचे आणि उशिरा यायचे. शहागंज, बुढीलेन, भीमनगर, कुठं कुठं जाऊन यायचे. काय शोधताय म्हटलं तर सांगायचे नाहीत. एका रविवारी मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. हे आले, दोरीवरचा सदरा हातात धरून उन्हात बघत राहिले आणि म्हणाले, “सापडला.”

पांढरे कपडे धुवून शेवटच्या पाण्यात नीळ घालतात, त्यानं कपड्याला जो नाव नसलेला रंग येतो, तो. पांढरा नाही आणि निळाही म्हणता येत नाही. ह्यांनी हेडमास्तरांना सांगितलं, “हा प्रत्येक मोहल्ल्यात दोरीवर वाळतोय, सर. ह्याच्यावरून कुणी भांडणार नाही.”

“म्हणजे शाळा धुवायला टाकलीत म्हणा की,” हेडमास्तर म्हणाले. पण त्यांना पटलं.

तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या मागच्या अंगणात पिंपात चुना भिजत पडायचा. नीळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून हे स्वतः चुन्यात फिरवायचे. रंगारी, त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, शेजारी उभे राहून काठीनं ढवळायचे. मग कागदाची पट्टी बुडवायची, उन्हात वाळवायची, बघायची. “ओला चुना खोटं बोलतो,” हे म्हणायचे, “वाळल्यावर विचारायचं.” पुन्हा पुरचुंडी, पुन्हा पट्टी. मनासारखा उतरला की मान हलवायचे, आणि मगच मिस्त्रींचा कुंचला भिंतीला लागायचा.

नमुना म्हणून एखादी पट्टी जपून ठेवावी असं मी एकदा सुचवलं होतं. मी पुस्तकांतली बाई, मला कशाचीही एक प्रत ठेवावीशी वाटते. हे हसले. “कागद पिवळा पडतो. माझ्या डोळ्यात आहे ना तो.”

रंगाबरोबर बाकीचंही एकेक करून जागेवर आलं. समई पाच वातींची ठरली. अक्षरांसाठी ह्यांनी जुन्या एक्स-रेच्या फिल्म धुवून त्यांच्यातून ठसे कापले. त्या फिल्मवर कुणाच्या तरी बरगड्या अजून पुसट दिसत, आणि त्यांच्यातून ‘विद्यालय’ कोरलेलं. पैठण, बिडकीन, शेंद्रा इथं संस्थेच्या शाखा निघाल्या, तेव्हा हे ठसे पिशवीत घालून एसटीनं जायचे आणि पाटी स्वतः रंगवून यायचे. पाटीत एक बोटभर फरक पडला तरी ह्यांना झोप यायची नाही. मुलं ह्यांना मागून ‘एकसारखे सर’ म्हणायची. ते ह्यांना माहीत होतं आणि आवडतही असावं.

गणवेशाचं कापडही भिंतीवरून ठरायचं. गुलमंडीवरचे कापडवाले दरवर्षी जूनच्या आधी तागे घेऊन शाळेत यायचे आणि कापडाचा कोपरा भिंतीला लावून बघायचे. “सर, दुकानात भिंत पाठवून द्या एकदा, माझ्या खेपा वाचतील,” असं ते दरवर्षी म्हणायचे आणि दरवर्षी यायचे. म्हणजे शर्ट भिंतीसारखा, भिंत ह्यांच्या डोळ्यासारखी. तेव्हा ह्याच्यात कुणाला काही गैर वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

हे निवृत्त झाले, मीही झाले. पण सुट्टी लागली की शिपाई निरोप घेऊन यायचा, “सर, पिंप भरलंय.” ते काम ह्यांचंच, असं सगळ्यांनी धरलं होतं.

मोतीबिंदू हळूहळू येतो. ह्यांना पेपर वाचायला दिवा जवळ लागू लागला, जिना उतरताना हे कठडा धरू लागले, एवढंच मला कळलं. डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि त्यातून निळा मरतो, हे डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं. ह्यांना दरवर्षी पट्टी फिकी दिसायची, म्हणून पुरचुंडी आणखी थोडी फिरायची. मनासारखा उतरला की मान हलायची. ऊन-पावसानं जुना रंग उडालेलाच असायचा, तेव्हा मागच्या वर्षीशी ताडून कोण बघणार? नव्या मुख्याध्यापिका एकदा म्हणाल्या होत्या, “सर, यंदा निळा जरा भरलेला वाटतोय.” हे म्हणाले, “उन्हात बसेल.” कापडवाले भिंतीमागून येतच होते. शर्टही भिंतीबरोबर गडद होत गेले.

बुधवारी हे जेवले नाहीत. गुरुवारी सकाळी मला घेऊन शाळेत गेले. मधल्या सुट्टीच्या आधीची वेळ होती, अंगण रिकामं होतं. व्हरांड्याच्या भिंतीसमोर उभे राहून ह्यांनी उजवा डोळा, म्हणजे ऑपरेशन झालेला, तळव्यानं झाकला.

“असं बघितलं की बरोबर आहे,” म्हणाले. मग डावा झाकला. “आणि असं बघितलं की ही कुठली शाळा आहे, मला ठाऊक नाही.”

मी भिंतीकडे बघितलं. मला ती रोजचीच दिसली. दौतीतली शाई पाण्यात सांडल्यासारखा निळा, बऱ्याच शाळांना असतो तसा. पूर्वीचा आठवायचा प्रयत्न केला, तर दोरीवरचा सदरा आठवला, त्या दिवसाचं ऊन आठवलं, रंग आठवेना.

मिस्त्री कार्यालयाच्या दाराला तेलरंग देत होते. ह्यांनी त्यांना हाक मारली.

“मिस्त्री, तुम्हाला दिसलं नाही? इतकी वर्षं माझ्याशेजारी उभे राहता.”

“दिखा ना, सर.” मिस्त्रींनी कुंचला डब्यावर आडवा ठेवला. “मेरेकू लगा, सर कू अब गहरा होना. आपने मुंडी हलाई, मैंने मारा.”

“अरे, विचारायचं तरी.”

“आपकू क्या पूछना, सर?” मिस्त्री अगदी साधेपणानं म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. ह्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, “यंदाच्या सुट्टीत परत मूळ रंगावर येऊ. मी उभा राहतो.”

बाईंनी समोरची फाईल मिटून बाजूला ठेवली. त्या ह्यांच्या हाताखाली शिकलेल्या, त्यांना नाही म्हणणं जड गेलं असणार.

“सर, भिंत एका सुट्टीत होईल. शर्टांचं काय करू? पालकांनी आत्ताच घेतलेत. दुकानात माल भरलाय. आणि खरं सांगू का, खाली जाऊन कुठल्याही मुलाला शाळेचा रंग विचारा. ते अंगातल्या शर्टाला हात लावून दाखवील.”

“तो शाळेचा रंग नाही.”

“त्याच्यासाठी आहे, सर.”

ह्यांनी कप खाली ठेवला. बाई मग समजुतीनं म्हणाल्या, “मूळचा दाखवा तरी आम्हाला. संस्थेच्या बैठकीत ठेवते मी. कुठं शिल्लक आहे?”

कुठंच नव्हता. दर सुट्टीत भिंत खरवडून घ्यायची पद्धत ह्यांचीच. आम्ही घरी आलो. दुपारभर हे डोळे मिटून पडून होते. संध्याकाळी एकदम उठून बसले.

“बिडकीन.”

बिडकीनची शाखा निघाली त्या वर्षी हे तिथं राहून रंग देऊन आले होते. नंतर तिथं रंगाला पैसा कधी उरला नाही. एका वर्षी पत्रे उडाले, पुढं बोअर आटली. व्हरांड्याच्या आतल्या भिंतीपुढं कडुनिंब, तिला ऊन नाही, पाऊस नाही. म्हणजे ती भिंत तशीच होती. आणि तीच ह्यांना इतकी वर्षं सलत होती. पिवळ्या पडलेल्या भिंगातून ती ह्यांना उडालेली दिसायची. दर स्नेहसंमेलनात बिडकीनचे हेडमास्तर भेटले की हे म्हणायचे, “तुमची भिंत तेवढी लावून घ्या हो. एक शाळा, एक रंग.”

शनिवारी सकाळी आम्ही पैठणच्या एसटीत बसलो. ह्यांनी पिशवीत कोऱ्या कागदाच्या पट्ट्या, नीळ आणि एक वाटी घेतली होती. भिंतीशेजारी बसून जुळवायचं, वाळवायचं, जुळली की बैठकीत ठेवायची, असं ठरवलं होतं. ह्या वेळी दोन पट्ट्या करू, एक तुझ्या ताब्यात, असंही म्हणाले. गाडीत ह्यांनी मला खिडकी दिली नाही, स्वतः बसले. लहान मुलासारखं सगळं बघत होते. “कपाशीचं फूल पिवळं असतं हे मी विसरलोच होतो,” म्हणाले. माझ्याकडे वळून थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, “आणि तुझे केस एवढे पांढरे?”

“तुम्हाला आत्ता दिसले.”

“बरे दिसतात,” हे म्हणाले.

डोळा उघडल्यापासून ह्यांच्या चेहऱ्यावर हसू मी पहिल्यांदा बघितलं. शेवटचंही म्हणता येईल, निदान शाळेच्या बाबतीत.

शाळेच्या फाटकाशीच चुन्याचा वास आला. मला वाटलं बांधकाम चालू असेल. आत गेलो तर व्हरांड्यात शिडी लावलेली, शिडीवर गावातला एक रंगारी. भिंतीचा मोठा भाग शाईच्या रंगाचा झालेला आणि उरलेला कोपरा अजून पूर्वीचा.

मला तो तेव्हा परत दिसला. दोरीवरचा सदरा. मी तो विसरले नव्हते, फक्त डोळ्यांसमोर नव्हता. ओल्या गडद रंगाशेजारी तो फारच फिका दिसत होता, जवळजवळ काहीच नसल्यासारखा.

बिडकीनचे हेडमास्तर लगबगीनं आले. त्याच भागातल्या शेतकऱ्याच्या घरातले, बोलायला मोकळे. “या या, सर. बाई, तुमीबी आल्या? आज उगवलं कुणीकडं म्हणायचं. बघा, लई दिवस तुमचं बोलणं खाल्लं, पण आज लावून टाकला. शहरातनं तुमच्या मिस्त्रीकडनं नीळ किती, चुना किती, सगळं माप इचारून आणलं. फरक निघणार नाय.”

हे सरळ पुढं झाले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि भिंतीवर तळवा ठेवला.

“तेवढा कोपराबी आजच होतोय, सर,” हेडमास्तर म्हणाले. “काळजी नका करू.”

पाचवी-सहावीतल्या मुली व्हरांड्याच्या पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसून रंगाचं काम बघत होत्या. त्यांच्या अंगातले शर्ट शहरातल्या मुलांसारखेच गडद होते, कारण कापड गुलमंडीवरूनच यायचं. हेडमास्तरांनी त्यांना विचारलं, “हे सर कोण, ठाऊक हाय का? आपल्या शाळेचा रंग ह्यांनीच काढला.”

त्यातली एक, वेणीला लाल रिबीन बांधलेली, उभी राहिली. “सर, स्पर्धेच्या टायमाला शहरातली पोरं आमाला चिडवत्यात. फिक्की शाळा आली, फिक्की शाळा आली. त्यांनी आमची भिंत बघितली होती सहलीला आल्यावर. आता नाय ना म्हणणार?”

बाकीच्या मुली हसल्या. एकीनं तिला ओढून खाली बसवलं. “अगं सरांना काय विचारती? ते काय स्पर्धेला येणार हायेत व्हय?”

“मग कुणाला विचारू? तुला?” ती म्हणाली आणि पुन्हा ह्यांच्याकडे बघू लागली.

मी ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांच्या हातातल्या पिशवीत नीळ होती, वाटी होती, कोरे कागद होते. थांबा, एवढा शब्द पुरला असता. रंगारी शिडीवरून उतरला असता, हेडमास्तर गोंधळले असते, पण थांबवलं असतं. त्यांनी ह्यांचा शब्द आजवर कधी मोडला नव्हता, आजचा रंगही ह्यांच्याच शब्दाखातर चालू होता. मी वाट बघत होते.

“नाही म्हणणार,” हे त्या मुलीला म्हणाले. “आता तुमची शाळा आणि त्यांची शाळा एकच दिसेल.”

मग शिडीखाली जाऊन ह्यांनी पिंपात बघितलं. रंगाऱ्याला म्हणाले, “दुसरा हात आडवा मारा. आणि पहिला पुरता वाळू द्या, नाहीतर डाग पडतील.” आम्हाला चहा आला, हेडमास्तरांच्या घरून भाकरी-पिठलं आलं. हे जेवले. आम्ही निघालो तेव्हा कोपरा संपत आला होता. फाटकातून ह्यांनी मागं वळून बघितलं आणि उजवा डोळा झाकला.

एसटीत ह्यांनी मला खिडकी दिली. बिडकीन मागं पडल्यावर मी विचारलं, “थांबवलं का नाही?”

“ती पोरगी मी सांगितलं म्हणून खूश होती का?” हे म्हणाले. “शहरासारखं झालं म्हणून होती. तिला काय सांगू, की फिकाच खरा होता? तिला इतकी वर्षं माझ्यामुळं चिडवलं, आणि आता पुन्हा मीच सांगू, तसंच राहा?” थोड्या वेळानं म्हणाले, “मला शाळा एक दिसायला हवी होती. दिसतेय.”

सोमवारी ह्यांनी मुख्याध्यापिकांना निरोप पाठवला, बैठकीत काही ठेवू नका. पुढच्या सुट्टीत शिपाई पिंप भरल्याचं सांगायला आला, तेव्हा हे म्हणाले, मिस्त्रींकडे माप आहे. गेले नाहीत. त्या दिवशी दुपारी हे मागच्या दारी खुर्ची टाकून बसले होते आणि मी कपडे वाळत घालत होते. मी शेवटच्या पाण्यात नीळ घालणं कधीच सोडलं होतं, आता पावडरीतच सगळं असतं. ह्यांनी दोरीकडे बघितलं की नाही, मला माहीत नाही.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या डोळ्याची तारीख दिली होती. हे गेले नाहीत. पुन्हा दिली, पुन्हा गेले नाहीत. त्यांनी मला बोलावून रागावून सांगितलं, की डोळा पिकत चाललाय, तुम्ही समजावत कसं नाही. मी घरी येऊन समजावलं. हे म्हणाले, “एका डोळ्यानं पेपर वाचता येतो. दुसरा राहू दे.” मी पुन्हा विषय काढला नाही. अधूनमधून संध्याकाळी हे शाळेवरून चक्कर मारून यायचे. एकदा मी बरोबर होते. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून ह्यांनी घाम पुसल्यासारखा रुमाल उजव्या डोळ्यावर धरला आणि तसेच उभे राहिले. मी भाजीच्या गाडीकडे बघत राहिले, ह्यांचं होईपर्यंत.

दिवाळी झाल्यावर हे गेले. घरीच, पहाटे, हृदयानं. शाळेतली मुलं रांगेनं आली होती. मला त्या दिवशीचं फारसं आठवत नाही. अंगणभर शर्ट आठवतात, सगळे एका रंगाचे.

शाळा आता चुना लावत नाही. कंपनीचा रंग येतो. दुकानात नंबर सांगितला की यंत्रातून डबा मिसळून मिळतो, आणि तो दरवर्षी सारखाच निघतो. नंबर ठरवायला भिंतीचा तुकडा हवा होता. शहरातली भिंत त्या वर्षी उन्हानं उडालेली होती, म्हणून मुख्याध्यापिकांनी तो बिडकीनहून मागवला, व्हरांड्याच्या आतल्या, त्या शनिवारी रंगवलेल्या भिंतीचा.

वाटी, कोऱ्या पट्ट्या आणि निळीची पुडी पिशवीत तशीच आहे. शाळेचा रंग सगळ्या शाखांत एक आहे.